शेजारच्या टेबलावरची धडधड

(समुपदेशन केंद्रांतल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



केंद्रात आलेल्या बाईचा हात थरथरत असला, की आपण लगेच पाण्याचा पेला पुढे करतो. तोच हात शेजारच्या टेबलावरच्या कार्यकर्तीचा असला तर? तर आपण म्हणतो, 'हिला आता झेपत नाही.'

आमच्या एका सहकारीबद्दल, तिला विचारून, सांगते. सहा वर्षं ती कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस बघते. 2005 चा कायदा तिला कलमांसकट पाठ. गेल्या पावसाळ्यात फोन वाजला की तिच्या छातीत धडधडायला लागलं. कोर्टाच्या तारखेच्या आदल्या रात्री झोप नाही. गृहभेटींचे अहवाल अर्धवट, सोमवारच्या रजा वाढलेल्या. कार्यालयाच्या भाषेत याला 'अनियमितता' म्हणतात. राजीनामा लिहून तिने पर्समध्ये ठेवला होता.

मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी विषय काढला नाही. बसस्टॉपपर्यंत चालताना विचारलं, 'कामातलं नेमकं काय जड जातंय?' 'तुला काय झालंय?' म्हटलं की बाई 'काही नाही गं' म्हणून मोकळी होते. कामाबद्दल विचारलं की बोलते. एका केसमधला दीर रात्री-अपरात्री तिच्या स्वतःच्या मोबाईलवर धमक्या देत होता. त्यात नेमणूक अकरा महिन्यांची, प्रकल्प पुढे चालेल की नाही कुणालाच माहीत नाही.

आता या दोन गोष्टींची भीती वाटणं हा आजार म्हणायचा का? मला नाही वाटत. म्हणून आधी भीतीचं कारण हलवलं. धमकीची लेखी तक्रार पोलीस ठाण्यात दिली, तिच्या एकटीच्या नाही, संस्थेच्या नावाने. केंद्राचा वेगळा मोबाईल घेतला. रात्रीसाठी 181 क्रमांक दारावर लावला. फोनची पाळी सगळ्यांत वाटली.

तरी धडधड राहिली. मग ती डॉक्टरांकडे गेली. थायरॉईड वाढलं किंवा रक्त कमी असलं तरी धडधडतं, म्हणून आधी त्या तपासण्या झाल्या. त्या ठीक निघाल्यावर मानसोपचारतज्ज्ञ. आधी बोलायचंच असेल तर 14416 हा 'टेलीमानस'चा सरकारी क्रमांक 2022 पासून आहे; फुकट, चोवीस तास, मराठीतूनही. ती तिथे काय बोलली ते मी विचारलं नाही. मानसिक उपचारांतली गुप्तता हा 2017 च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि तो आपल्या केसपेपरांइतकाच आपल्या सहकारणींनाही लागू आहे.

इथे आपली खास अडचण येते. आपण सगळ्याच समुपदेशक! चहाच्या कपाबरोबर सल्ला देतो. मी एम.एस.डब्ल्यू. केलंय खरं, पण तिचं आणि माझं नाव एकाच मस्टरवर आहे. मी तिची मैत्रीण होऊ शकते, समुपदेशक नाही.

एकीने मायेने सुचवलं, 'तिचं कोर्टाचं काम काढूनच घेऊ.' तिनेच नको म्हटलं, आणि ते बरोबर होतं. टाळत गेलं की भीती घटत नाही, मुरते. पहिल्या तारखेला मी मागच्या बाकावर बसले, दुसऱ्या वेळी फक्त फाटकापर्यंत गेले. एकदा व्हरांड्यातच तिला घाम फुटला, श्वास कोंडला. अशा वेळी 'घाबरू नकोस' म्हणून उपयोग नसतो. बाजूला बसवायचं, श्वास सावकाश बाहेर सोडायला सांगायचं, हे काही मिनिटांत ओसरेल असं शांतपणे सांगायचं. (छातीत असं पहिल्यांदाच दुखत असेल तर मात्र वाट बघायची नाही, थेट दवाखाना.)

तिचे राहिलेले अहवाल दोघींनी लिहिले. त्या कुरकुरल्या, आणि त्यांचं काही चुकलं नाही. दमलेल्या बायांनी दमलेल्या बाईचं ओझं उचलायचं, याला आपण भगिनीभाव म्हणतो आणि संस्थेचे पैसे वाचतात! आम्ही विश्वस्तांकडे अर्धवेळ कार्यकर्ती मागितली. निधी नाही, असं उत्तर आलं. तेव्हा पुढच्या प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात प्रवासखर्च आणि स्टेशनरीच्या खाली आम्ही एक ओळ घातली आहे: कार्यकर्त्यांचं मानसिक आरोग्य, बदली कार्यकर्ती आणि भरपगारी रजा. देणगीदार ती खोडतील, असं विश्वस्त म्हणतात. राजीनामा अजून तिच्या पर्समध्येच आहे.

तुमच्या केंद्रांच्या अंदाजपत्रकात अशी ओळ आहे का, ते आता चर्चेत सांगा.