विसरतो म्हणजे आळशी नव्हे



गेल्या महिन्यात बचत गटाचे हप्ते गोळा झाले, सगळ्या उठल्या, पण एक वहिनी बसून राहिल्या. त्यांच्या दिराला स्किझोफ्रेनिया आहे. त्यांना विचारूनच हे सांगते. गोळ्यांनी त्याचे भास थांबले आहेत. "पण ताई, बाजारातसून तांदूळ, तेल, मीठ हाड म्हटला, तर ह्यो मीठच घेवन येता." घरचे म्हणतात कामचुकार आहे. सासूबाई म्हणतात, देवचार अजून सुटला नाही.

आपण किनाऱ्यावरच्या बायका. समुद्राची गाज रात्रंदिवस चालू असते, पण आपल्याला ती जाणवतही नाही. मुंबईचा पाहुणा मात्र रात्रभर कूस बदलतो. हा आवाज रोजचाच, सोडून दे, असं आपला मेंदू ठरवतो. स्किझोफ्रेनियात ही चाळणी अनेकदा नीट चालत नाही.

हे कळलं कसं? मेंदूत अगदी बारीक वीज खेळत असते. १९२४ साली जर्मनीत हान्स बर्गर या डॉक्टरांनी माणसाच्या मेंदूतली ही वीज पहिल्यांदा नोंदवली. तीच ईईजी तपासणी. डोक्याला तारा लावतात, पण शॉक देत नाहीत. पाठोपाठ दोन सारखे 'टक' आवाज ऐकवले, की दुसऱ्या आवाजाला निरोगी मेंदूची लाट लहान येते. स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेकांत ती तितकी लहान होत नाही. सारख्या आवाजांत एखादा वेगळा आवाज आला, तर सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात लक्ष गेल्याची लाट उमटते. ती त्यांच्यात सरासरीने छोटी असते. म्हणजे नको ते आत शिरतं, हवं त्यावर लक्ष ठरत नाही. मग तीन वस्तू ध्यानात राहणं जड जातं. हा आळस नाही, आजाराचाच भाग आहे.

एक लक्षात ठेवा. हा आजार आहे की नाही, हे ईईजीवरून ठरत नाही. डॉक्टर रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून ठरवतात. फीटची शंका असेल तर डॉक्टर ती तपासणी सांगतील. आपल्या मनाने त्यासाठी कर्ज काढू नका.

गोळ्यांनी भास कमी होतात, लक्ष आणि आठवण त्या मानाने कमी सुधारते. तिथे घरच्यांचा हात लागतो. एका वेळी एकच काम सांगा. टीव्ही बंद करून सांगा. चिठ्ठी लिहून द्या. उत्तराला वेळ द्या. गाऱ्हाणं घालायचं तर घाला, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.

२००४ सालचा 'देवराई' चित्रपट मिळाला तर गटात मिळून बघा. त्यामागे डॉ. जगन्नाथ वाणी होते. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्थाही उभी केली. शिकल्या-सवरल्या घरातही हा आजार येतो, लपवण्यासारखं काही नाही. सल्ला हवा असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो.

परवा त्या वहिनी भेटल्या. आता दिराच्या खिशात चिठ्ठी असते. पहिल्या खेपेला तांदूळ, मीठ आलं, तेल राहिलं. कोणी ओरडलं नाही. "परत गेलो आणि तेल घेवन इलो," वहिनी म्हणाल्या.