पदर : एका शब्दाचे अर्थवैभव

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यानिमित्त केलेल्या भाषणाचा मजकूर)

भाषेविषयीचे भाषण म्हटले की परिभाषा, शुद्धलेखन आणि कार्यालयीन टिपणी यांची चर्चा होईल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आज मात्र मी एकच शब्द विचारासाठी घेतला आहे, आणि तोही नित्य वापरातील वस्त्राचा : पदर. मराठी घरात हा शब्द उच्चारला गेला नाही असा दिवस बहुधा जात नाही. परंतु त्याचा संबंध ग्रामसभेशी, शाळेच्या हजेरीपटाशी आणि शासकीय अर्जाशीही पोहोचतो, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

पदर म्हणजे वस्त्राचे टोक, हा या शब्दाचा मुख्य अर्थ. आज तो ऐकताच साडीच डोळ्यांसमोर येते. पण उपरण्याला आणि शेल्यालाही पदर असतो. म्हणजे हा शब्द केवळ स्त्रियांचा नव्हे, तो न शिवलेल्या वस्त्राचा आहे. ‘साडी’ हा शब्द संस्कृत ‘शाटी’ किंवा ‘शाटिका’ यावरून आला. त्याचा अर्थही वस्त्राची लांब पट्टी असाच आहे. सदऱ्याला बाही असते, गळा असतो, खिसा असतो; पदर नसतो. ‘खिसा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तेथे ‘कीसा’ म्हणजे थैली. ‘पायजमा’ही फारसीच, ‘पाय’ आणि ‘जामा’ मिळून पायांत घालावयाचे वस्त्र.

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला व त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागले. हे दोन्ही कोश उघडून ‘पदर’ पाहिला, तर वस्त्राच्या एका टोकापासून किती अर्थ फुटले आहेत ते कळते. हे अर्थ पंडितांनी घडविलेले नाहीत. कष्ट करणाऱ्या माणसांनी या टोकाचा जो जो उपयोग केला, त्यातून ते उपजले.

पहिला उपयोग बांधण्याचा. ज्या वस्त्राला खिसा नाही, त्याच्या टोकाशीच पैसा बांधावा लागे. म्हणून स्वतःच्या मालकीचा पैसा तो ‘पदरचा पैसा’, आणि तो खर्च करणे म्हणजे ‘पदरमोड’. कथा सांगणारा आपल्या मनाने भर घालतो, तेव्हा तो ‘पदरचे’ सांगतो असे आपण म्हणतो. विसरू नये म्हणून टोकाला मारलेली गाठ ती ‘खूणगाठ’. विवाहात वधूचा पदर वराच्या उपरण्याशी बांधतात. अशा रीतीने धन, स्मरण आणि नाते या तिन्ही गोष्टी एकाच टोकाला बांधल्या गेल्या.

दुसरा उपयोग झाकण्याचा. ऊन, वारा, पाऊस यांपासून आई लेकराला पदराखाली घेते. त्यावरून आश्रय देणे म्हणजे ‘पदरी घेणे’. इतिहासाच्या पुस्तकांत अमुक सरदाराच्या पदरी इतके स्वार होते, अमुक दरबाराच्या पदरी विद्वान होते, अशी वाक्ये आढळतात. तेथे प्रत्यक्ष वस्त्राचा संबंध राहिलेला नाही. आश्रयाचा अर्थ तेवढा उरला आहे.

तिसरा अर्थ थराचा वा पेडाचा. दोरीला पदर असतात, माळ तीनपदरी असते, पोळीचे पदर सुटतात, आणि गुंतागुंतीच्या प्रश्नाला अनेक पदर असतात. प्रशासनाने या अर्थाचा फार चांगला उपयोग करून घेतला आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला आणि राज्यकारभारासाठी मराठी शब्दांची गरज वाढत गेली. त्या काळातील काही शब्द जड वाटले व मागे पडले. ‘चौपदरी रस्ता’ हा शब्द मात्र खेड्यातील माणसालाही समजावून सांगावा लागत नाही. २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला आपण सहजपणे ‘सहापदरी’ म्हणतो. स्वयंपाकघरातील पोळीचा शब्द महामार्गाला लागू पडला. शासकीय मराठी कशी असावी याचे हे उत्तम उदाहरण आहे.

येथवर शब्दाचे वैभव झाले. आता ज्या दोन अर्थांकडे आपणासारख्या लोकांनी विशेष लक्ष द्यावे, त्यांविषयी बोलतो.

मुलगी वयात आली की ‘तिला पदर आला’ असे आपल्याकडे म्हणण्याची रीत आहे. शब्द सौम्य आहे, झाकून बोलणारा आहे. परंतु त्यापाठोपाठ ‘आता उजवून टाका’ हा सल्ला आला, की त्या सौम्य शब्दाआड एका मुलीची शाळा सुटते. पदर येणे ही शरीरातील एका बदलाची सुरुवात आहे. ती विवाहाची पात्रता नव्हे. कायद्याने हे अंतर क्रमाक्रमाने स्पष्ट केले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ वर्षे ठरविले, १९४९ साली ते १५ झाले, आणि १९७८ च्या दुरुस्तीने मुलीसाठी १८ व मुलासाठी २१ वर्षे ही मर्यादा आली. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ हा त्यानंतरचा कायदा. घरातील वडीलधारी माणसे ‘पदर’ पाहतात. कायदा जन्मतारीख पाहतो. ती जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर असते आणि ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत असते. म्हणजे ती आपल्याच हाती आहे. आठवी-नववीतील मुलगी अचानक गैरहजर राहू लागली, तर शिक्षकाने केवळ हजेरीपटावर खूण करून थांबू नये. तिच्या घरी जावे, आणि शंका आल्यास ग्रामपंचायतीला किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे.

दुसरा अर्थ ‘पदर पसरणे’ हा. देवापुढे पदर पसरावा ही श्रद्धेची गोष्ट झाली. परंतु निवृत्तिवेतनासाठी, दाखल्यासाठी, शिधापत्रिकेसाठी एखादी विधवा कार्यालयात येते व ‘साहेब, पदर पसरते’ असे म्हणते, तेव्हा आपण अस्वस्थ झाले पाहिजे. तिला जे हवे आहे ते दान नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा पात्र नागरिकाचा हक्क आहे. हक्काची वस्तू मागताना पदर पसरावा लागत नाही. अर्ज द्यावा लागतो आणि पोच घ्यावी लागते. आपल्या टिपण्यांतही ‘लाभ पदरात टाकला’ अशी वाक्ये अधूनमधून उतरतात. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. तरीही त्या वाक्याने देणारा उंचावर बसतो आणि घेणारी खाली वाकते. त्याऐवजी ‘लाभ मंजूर केला’, ‘रक्कम खात्यात जमा झाली’ असे साधे लिहावे.

आणि पदराची आणखी एक रीत आहे : पदर खोचणे. शेतात भांगलणीला उतरताना, विहिरीवर पाणी शेंदताना, घराचे अंगण सारवताना बाई आधी पदर कमरेला खोचते. कामाला सिद्ध होण्याची ती खूण आहे. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखल्या गेल्या आणि महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. आज या सभागृहातही अनेक भगिनी सदस्य म्हणून उपस्थित आहेत. त्यांनी पदर डोक्यावर घ्यावा की खांद्यावर, हा त्यांच्या आवडीचा प्रश्न आहे. परंतु सभेच्या इतिवृत्तावर सही करण्यापूर्वी ते वाचून घेणे, आपला विषय कार्यसूचीत घालण्याचा आग्रह धरणे आणि आपल्या खुर्चीवर घरच्या पुरुषाला बसू न देणे, हे पदर खोचून करावयाचे काम आहे.

मित्रहो, शब्दाचा अर्थ कोशात नोंदला जातो, पण तो ठरतो व्यवहारात. आपल्या गावातील स्त्रीला कार्यालयासमोर पदर पसरावा लागतो की तिच्या पदरचे चार पैसे तिच्याच नावावर सुरक्षित राहतात, यावरून पुढच्या पिढीसाठी या शब्दाचा कोणता अर्थ ठळक होईल ते ठरेल. तो निर्णय कोशकारांचा नाही. येथे बसलेल्या आपणा सर्वांचा आहे. एवढी खूणगाठ आपण येथून जाताना बांधावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.