नकाशांच्या राशीसाठी संगणकाची निवड

(भाषणाचा मजकूर)



‘कॉम्प्यूटर’ हा शब्द आज यंत्राला लावला जातो. एकोणिसाव्या शतकात भारतीय सर्वेक्षणात तो माणसाचा हुद्दा होता. राधानाथ सिकदार १८३१ साली त्रिकोणमितीय सर्वेक्षणात रुजू झाले ते याच हुद्द्यावर. मोजणीची आकडेमोड तेव्हा कागदावर होत असे. काम मुळात तेच आहे, आकड्यांची रास मात्र अवाढव्य वाढली आहे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना सुरू केली आणि गावठाणातील घरांच्या मोजणीसाठी ड्रोन उडू लागले. त्या छायाचित्रांवरून नकाशा तयार होतो व नकाशावरून घरमालकाच्या हाती मिळकत पत्रिका पडते. तेव्हा ही छायाचित्रे ज्या यंत्रावर जुळवली जातात, त्याची निवड ही केवळ भांडार शाखेची बाब राहत नाही.

प्रथम थोडा हिशेब पाहणे इष्ट ठरेल. जमिनीवरचा ५ सेंटीमीटर बाजूचा चौकोन म्हणजे नकाशातील एक बिंदू असे धरले, तर एका चौरस किलोमीटरमध्ये ४० कोटी बिंदू होतात. प्रत्येक बिंदूचे तीन रंग आणि प्रत्येक रंगास एक बाइट, म्हणजे १२० कोटी बाइट, अर्थात सुमारे १.२ गिगाबाइट. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. याच मापाने संपूर्ण गोव्याचा नकाशा साडेचार टेराबाइटच्या घरात जाईल. हा झाला तयार नकाशा. मूळ छायाचित्रे एकमेकांवर बरीच चढवून घ्यावी लागत असल्याने कच्चा माल याच्या कितीतरी पट असतो.

खरेदीच्या वेळी सर्वांचे लक्ष प्रोसेसरच्या वेगाकडे जाते आणि साठवणुकीची सोय उरलेल्या रकमेत उरकली जाते. हा क्रम उलटा आहे. भाताची गिरणी कितीही जोरात फिरली, तरी पोती वाहणारा एकच गडी असेल तर गिरणी रिकामी फिरणार. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला साधारण १५० मेगाबाइट देते. दहा चौरस किलोमीटरचा, म्हणजे १२ गिगाबाइटचा नकाशा वाचावयास तिला ८० सेकंद लागतात. साधी एसएसडी हे काम सुमारे २४ सेकंदांत करते व एनव्हीएमई प्रकारची चार-पाच सेकंदांत. वाचन सलग नसेल तर अंतर याहून फार वाढते, कारण तबकडीवरील वाचनदांडीला प्रत्येक उडीस शतांश सेकंद लागतो आणि जुळवणीच्या कामात अशा उड्या लाखांनी असतात. चालू काम एसएसडीवर आणि संपलेले काम स्वस्त तबकडीवर, ही विभागणी खिशालाही परवडते.

स्मृतीचे, म्हणजे रॅमचे, तसेच. ती अपुरी पडली की यंत्र मजकूर डिस्कवर टाकू लागते, आणि एका रात्रीत होणारे काम दिवसेंदिवस रेंगाळते. नकाशा पाहण्यास व दुरुस्त करण्यास १६ किंवा ३२ गिगाबाइट पुरतात. छायाचित्रे जुळविण्यास ६४ किंवा १२८ हवेत. पुढे वाढ करता यावी म्हणून मोकळे खण असलेले यंत्र घेणे शहाणपणाचे.

ग्राफिक कार्डाविषयी मात्र भुलून जाऊ नये. मेटाशेपसारखी जुळवणीची प्रणाली त्याचा चांगला उपयोग करते. क्यूजीआयएसमधील नेहमीच्या रेखाटनास त्याचा लाभ थोडा. म्हणून प्रत्येक टेबलावर महाग यंत्र न मांडता, जिल्ह्यास एक समर्थ यंत्र व तालुक्यास साधी यंत्रे, हेच योग्य. मात्र एक गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट जातात. शंभर गिगाबाइट हलविण्यास तेरा मिनिटांहून अधिक लागतील. यास्तव मूळ छायाचित्रे समर्थ यंत्रापाशीच ठेवावीत.

पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे या सभेस सांगावयास नको. यूपीएसशिवाय जुळवणी सुरू करू नये. दोन डिस्कवर एकच मजकूर उमटविणारी व्यवस्था ही सुरक्षित प्रत नव्हे, कारण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. एकूण तीन प्रती, त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत, एवढी तजवीज हवीच.

पैसे देण्यापूर्वी एका खऱ्या गावाची छायाचित्रे विक्रेत्याच्या यंत्रावर चालवून पाहावीत आणि टास्क मॅनेजर उघडा ठेवावा. प्रोसेसर वीस टक्के व डिस्क शंभर टक्के दिसली, तर कमतरता कोठे आहे ते तेथेच समजते. ही चाचणी निविदेतच अट म्हणून घालावी.

एक गोष्ट कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरची आहे. माडांच्या झावळ्यांखालची हद्द आकाशातून दिसत नाही. ती गावकऱ्यांनी व तलाठ्यांनी बरोबर फिरून ठरवावी लागते आणि जेथे जमीन मोकळी आहे तेथे ड्रोन येण्याआधी चुन्याने आखावी लागते.