खुपऱ्या औषधाने बसतात, पाण्याने संपतात
(जिल्हा बैठकीतील भाषण)



ऊसदराचा विषय आज आहेच. त्याआधी थोडे डोळ्यांविषयी बोलायचे आहे. शेतकीची पदवी घेतलेल्या माणसांनी डोळ्यांवर का बोलावे, असे कोणी विचारील. हा रोग पाण्याच्या टंचाईत वाढतो, आणि टंचाई हा आपला विषय आहे, म्हणून बोलतो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजीजवळ एक बारीक चिमटा असे. चार-आठ दिवसांनी ती ओसरीवर उजेडाला बसे आणि म्हणे, "बाळा, डोळ्यात केस टोचतोय, तेवढा ओढ." आम्हीही लहानपणी ते केस ओढले आहेत. म्हातारपण आहे, चालायचेच, असे सगळे म्हणत. ते म्हातारपण नव्हते. लहानपणी पुन्हा पुन्हा झालेल्या खुपऱ्यांचे ते थकलेले देणे होते.

खुपऱ्या एका जंतूमुळे होतात. लहान मुलाच्या डोळ्यातून आणि नाकातून वाहणाऱ्या पाण्यात तो असतो. हाताने, आईच्या पदराने, एकाच पंचाने, तोंडावर बसणाऱ्या माशीने तो दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. एकदा झाला तर डोळा सावरतो. वरचेवर झाला की वरच्या पापणीला आतून वण पडतात, पापणी आत वळते, केस बुबुळाला घासतात आणि शेवटी फूल पडते. त्या फुलाने गेलेली नजर बहुधा परत येत नाही. पोरे बायकांच्या कडेवर असतात, म्हणून हे दुखणे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त.

देशात १९६३ साली खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९७६ मध्ये तो अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात मिळवला गेला. १९७१ च्या सुमारास देशातल्या अंधत्वापैकी शेकडा ५ खुपऱ्यांमुळे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्या संपल्याचे मान्य केले. हे यश मोठे आहे. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. एकही रोगी उरला नाही, असा तो नाही. १ ते ९ वर्षांच्या मुलांत रोगाचे प्रमाण शेकडा ५ च्या खाली आले, की ही पायरी गाठता येते. जंतू संपलेला नाही.

उपाय चार आहेत. केस आत वळले असतील तर पापणीची छोटी शस्त्रक्रिया. रोग असेल तर मलम किंवा अॅझिथ्रोमायसिन. मुलांचे तोंड रोज धुणे. आणि चौथा, पाणी व संडास. पहिले दोन डॉक्टरांकडचे, पुढचे दोन आपल्याकडचे. फवारणीने आजची कीड मरते, पण बांधावरचे तण तसेच ठेवले तर पंधरा दिवसांनी कीड पुन्हा हजर. डोळ्याचेही तसेच. ही माशी उघड्यावरच्या विष्ठेत वाढते. ती तशीच ठेवून मलम किती दिवस लावणार?

हे गावाला जमते का? आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. अक्षरओळख नसलेल्या बायका तिथे शिकून गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. रोगाचे मूळ पाणी, अस्वच्छता आणि गरिबीत आहे, हे त्यांनी घरोघर सांगितले. तेव्हा जमते.

आता आपल्या घरातले बोलू. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या जिरायत भागातून दर हंगामाला माणसे कोयता घेऊन बाहेर पडतात. आपल्या उसाच्या फडाशेजारी कोप्या पडतात. तिथे बैल, शेण, माशा आहेत. संडास नाही. पाण्याचा हंडा लांबून आणायचा, मग पोराच्या तोंडावर कोण ओतणार? या कोप्यांत खुपऱ्या आहेत असा आमचा दावा नाही. खुपऱ्या ज्या वाटेने येतात ती वाट तिथे उघडी आहे, एवढे आम्ही सांगतो. कारखान्याकडून आपण घामाचे दाम मागतो. आपला ऊस तोडणाऱ्याच्या पोराला तोंड धुवायला पाणी नसेल, तर ते मागणे कोणत्या तोंडाने करायचे?

म्हणून तीन कामे ठरवू. एक, घरातल्या आजी-आजोबांच्या पापण्या उजेडात पाहा. केस आत वळलेले दिसले तर चिमट्यावर भागवू नका, सरकारी रुग्णालयात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. दोन, ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याने फडाशेजारच्या कोप्यांना रोज मोटारीचे पाणी द्यावे. एका पिंपाने आपला ऊस वाळत नाही. तीन, कोप्यांच्या तळावर पाणी आणि संडास असावेत, ही मागणी कारखान्याकडे लेखी द्यावी. ऊसदराच्या निवेदनातच ती घाला, वेगळी ठेवू नका.

आता ऊसदराकडे वळू.