धुराचा वास काय सांगतो?



बैलाने वैरण सोडली, की आपण लगेच ओळखतो. याला काहीतरी होतंय! मग त्याचे पोट बघतो, कान चाचपतो. बैल बोलत नाही. मोटारही बोलत नाही. पण तिचा धूर बोलतो. तो ऐकायला आज आपण शिकू.

एका पावसाळ्यात आम्ही बाजाराहून जुन्या पेट्रोल जीपने येत होतो. पाऊस लागला, म्हणून पडदे खाली सोडले. थोड्या वेळाने आत गोडसर वास येऊ लागला. कुणी म्हणाले, "मागं गुळाची ढेप असंल." पुढे एका मावशींचे डोके दुखू लागले. एक पोर पेंगायला लागले. तेव्हा आम्ही ओरडलो, "दादा, गाडी थांबवा!" सारे खाली उतरलो. मोकळ्या हवेत हळूहळू बरे वाटले.

दादांनी इंजिन थंड होऊ दिले. मगच रेडिएटरचे झाकण उघडले. गरम असताना उघडले, तर उकळते पाणी अंगावर उडते. आतले पाणी फार कमी झाले होते. बाहेर गळती कुठेच नव्हती. मग पाणी गेले कुठे? मिस्त्रींनी इंजिनचे ऑइल पाहिले. ते दुधाच्या चहासारखे दिसत होते. ते म्हणाले, "हेड गॅस्केट गेलंय. कूलंट इंजिनात शिरतंय आणि धुरातनं बाहेर पडतंय." कूलंटचा वास गोडसर असतो. रेडिएटरात नुसते पाणी असेल, तर तो वास येत नाही. पांढरा धूर मात्र येत राहतो. थंडीत सकाळी थोडी वाफ दिसते, ती लगेच जाते. तिची काळजी नको.

आणखी वास ओळखून ठेवा.

जळक्या तेलाचा वास आणि निळसर धूर आला, तर इंजिन ऑइल जळते आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील.

कच्च्या पेट्रोलचा वास आणि काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त जाते आहे. एअर फिल्टर, कार्बोरेटर आणि प्लग बघावा.

सडक्या अंड्यासारखा वास आला, तर जुन्या गाडीत आधी बॅटरी बघावी. ती जादा चार्ज होत असेल. तिच्याजवळ बिडी पेटवू नये.

आता सर्वांत मोठी गोष्ट. त्या जीपच्या सायलेन्सरच्या नळीला खाली भोक पडले होते. त्यातून धूर आत येत होता. गोड वास आला, म्हणून आम्ही सावध झालो. पण धुरात एक विषारी वायू असतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. मग माणूस झोपेतच जातो.

म्हणून धूर आत येत असेल, तर गाडी थांबवा. सगळ्यांना खाली उतरवा. कुणाला गुंगी आली, तर दवाखान्यात न्या. बंद खोलीत किंवा गोठ्यात इंजिन चालू ठेवू नका. वास गेला, म्हणजे धोका गेला, असे समजू नका. नळी दुरुस्त करून घ्या, मगच माणसे बसवा.

बाजाराचा दिवस पुन्हा येईल. माणूस पुन्हा येत नाही.