टबातले पाणी आणि ३० मिलिअँपिअर



 पालघर जिल्ह्यातले भुईगाव हे सुरूचे बन, वाड्या आणि विहिरींवरच्या मोटारी यांचे गाव. इथला खारा वारा लोखंड टिकू देत नाही. पंपाच्या पेटीला ओला हात लावायचा नाही, हे वाडीतल्या पोरालाही शिकवावे लागत नाही. रुग्णाच्या अंगाभोवतीच्या पाण्याबाबत मात्र तेवढी सावधगिरी दिसत नाही. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, परिचारिका, वीज ठेकेदार आणि वायरमन यांची आजची परिषद त्यासाठीच आहे.

२०२१ साल या जिल्ह्याच्या काळजात रुतून बसले आहे. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बाळे गेली. २३ एप्रिलच्या पहाटे आपल्याच जिल्ह्यातल्या विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि किमान १३ रुग्ण दगावले. त्यानंतर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी सुरू झाली, आणि ती हवीच होती. पण आगीला धूर असतो, ज्वाळा असतात. गळणाऱ्या विजेला यातले काहीच नसते. पाण्याचा टब वरून स्वच्छ दिसतो आणि आत करंट उतरलेला असतो.

इथे एक गैरसमज मुळापासून काढायला हवा. ‘एमसीबी बसवला आहे, काळजी नको,’ असे दवाखान्यात सर्रास ऐकू येते. जादा भार आला की पडणारा १६ अँपिअरचा एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. माणसाचे हृदय बंद पाडायला ०.१ अँपिअर पुरेसा आहे, आणि एवढ्याशा गळतीची एमसीबी दखलही घेत नाही. ती घेते आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परतला की नाही हे ती पाहते आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात पुरवठा तोडते.

बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून, हातातली तार सोडता येणे कुठवर शक्य असते, ते मोजले. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर भरली, स्त्रियांची साडेदहा. ही मोजमापे धडधाकट माणसांची होती. टबात बसतो तो अर्धांगाचा रुग्ण, मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली आजी, नाहीतर कळा सोसणारी गर्भवती. त्वचा भिजली की तिचा विद्युतरोध एकदम उतरतो. मुंगी चावल्यासारखे झाले म्हणून पाय ओढून घेणे त्यांच्यातल्या कित्येकांना जमणारच नाही.

महाराष्ट्राला पाण्याच्या उपचाराची जुनी ओळख आहे. गांधीजींनी १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू केला; कटिस्नान हा त्या उपचारपद्धतीचा ठेवणीतला भाग. त्या साध्या टबाला विजेची गरज नव्हती. आता टबाला पंप आला, हीटर आला, पाण्याखालचा दिवा आला. टब तोच राहिला आणि धोका बदलला.

गल्लीतल्या फिजिओथेरपी केंद्रातली शेकाची टाकी पाहा. स्टीलची, आत गरम पाणी, त्यात लटकलेले शेकाचे पॅक, तळाशी २३० व्होल्टचे एलिमेंट. मचूळ पाण्याने एलिमेंटचे कवच खाल्ले जाते, पांढरा थर धरतो आणि एक दिवस सूक्ष्म भोक पडते. त्या वेळी प्लगची जाड अर्थिंगची पिन हाच टाकीचा आधार. पण प्लग भिंतीत बसत नाही म्हणून दोन पिनांचा कन्व्हर्टर लावलेला असतो, आणि ओला पॅक उचलणारी मावशी ओल्या लादीवर अनवाणी उभी असते.

नियम अवघड नाहीत. आंतरराष्ट्रीय आयईसी मानकानुसार टबाच्या आतल्या उपकरणाला १२ व्होल्ट एसीपेक्षा जास्त पुरवठा चालत नाही, आणि टबाच्या कडेपासून ६० सेंटीमीटरच्या आत २३० व्होल्टचे साधे सॉकेट नको. अमेरिकेच्या विद्युत संहितेत उपचाराच्या टबांसाठी स्वतंत्र भागच आहे. टबापासून दीड मीटरच्या आतले पाइप, कठडे असे पक्के बसवलेले धातू एकमेकांशी जोडायला तो सांगतो. सगळे धातू एकाच पातळीवर आले की नळ आणि टब यांच्यामध्ये रुग्णाचा हात सापडत नाही.

आपल्याकडचा खरा घोटाळा इन्व्हर्टरपाशी होतो. मेन लाइन आणि इन्व्हर्टर या दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र बांधले जातात, आरसीसीबी सारखी पडू लागते, आणि दोष शोधण्याऐवजी तिला बायपास केले जाते. पेशंट खोळंबले आहेत, डॉक्टर ओरडत आहेत, वायरमनची अडचण कळते. तरीही हे काम माफ करण्यासारखे नाही. पडणारी आरसीसीबी तक्रार करत नसते, खबर देत असते.

स्वागत समितीची उपस्थितांना एकच विनंती आहे. उद्या दवाखाना उघडल्यावर, पहिला रुग्ण पाण्यात उतरण्याआधी आरसीसीबीवरचे ‘टी’ बटण दाबा, एकदा मेन लाइनवर आणि एकदा इन्व्हर्टरवर. यांपैकी कोणत्याही एका वेळी टबाचा पुरवठा तुटला नाही, तर वायरमन येऊन दुरुस्ती करेपर्यंत तो टब रिकामा ठेवा.