झीलकऱ्याला माइक द्या



अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. आता लगेच भांडणाला हात घालते.

उन्हाळा हा आपला हंगाम आहे. पाडव्याला नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी घेऊन येतात, चैत्र-वैशाखात यात्रा भरतात. 11 एप्रिलला जोतीरावांची जयंती, 14 ला बाबासाहेबांची, 1 मे महाराष्ट्राचा आणि कामगारांचा. या दोन महिन्यांत शाहिराचा घसा बसला नाही असं कधी झालंय का? पण अलीकडे याच हंगामात दुसरे मांडव पडू लागलेत. 'लोककला महोत्सव' म्हणतात त्यांना. हिरवळीवर गोल टेबलं, कमानीवर प्रायोजकाचं नाव, प्रत्येक कलापथकाला सात मिनिटं. फेटा भगवा हवा की गुलाबी, ते आधी कळवतात. गाणं कोणतं, तेही कळवतात. आणि 'जरा राजकीय नको' ही सूचना तर न चुकता येते.

राजकीय नको म्हणजे काय नको, हे या मंचावरून एकदा स्पष्ट विचारू या. सत्यशोधकांनी तमाशाचा गण-गवळण-वगाचा साचा उचलला आणि त्यात सावकार, भटजी, कुलकर्णी उभे केले. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि त्याच काळात नाशिकमधून भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला. आपल्या दहा भाषणांच्या तोडीचा कर्डकांचा एक जलसा, असं बाबासाहेब म्हणाल्याचं आजही वस्त्यांमध्ये सांगतात. 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. इंग्रज गेल्यावर त्याच कलापथकावर आपल्याच मुंबई सरकारने बंदी आणली. इंग्रजांनी 1876 साली केलेला नाट्यप्रयोगांचा कायदा केंद्राच्या पुस्तकातून जायला 2018 उजाडलं. सत्तेला आपलं गाणं कधीच नुसती करमणूक वाटलं नाही. करमणूक वाटतं ते फक्त महोत्सववाल्यांना.

एक प्रसंग सांगते. नाव घेत नाही, कारण हे एका संस्थेचं पाप नाही, सगळीकडे हेच चालतं. एका मोठ्या शहरातल्या गारेगार सभागृहात आमच्या पथकाला बोलावलं होतं. गारव्याने हलगीचं कातडं सैल पडतं, हे हलगी धरलेल्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या वादकाने मागच्या दाराबाहेर चार कागद पेटवले आणि हलगी शेकायला घेतली. सुरक्षारक्षक धावत आला आणि जाळ बुटाने विझवून गेला. हलगी ढिलीच राहिली. ध्वनियंत्रणेवरचा माणूस म्हणाला, 'आवाज पडतोय, ट्रॅक लावतो.' आणि आमच्या पोराने त्या रात्री दुसऱ्याने वाजवलेल्या हलगीवर नुसते हात हलवले.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मंचावर माइक एकच होता, मुख्य शाहिरापुढे. मागे झील धरणारे चौघे होते, त्यांना माइक नाही. मी विचारलं तर उत्तर मिळालं, 'ते कोरस आहेत ना, त्यांचं काय एवढं!' मंडळी, मी स्वतः झीलकरी म्हणून उभी राहिलेली बाई आहे. शाहीर कडवं टाकतो, आणि झील ते उचलून 'जी जी' करत समोरच्या माणसाच्या तोंडात देते. तिसऱ्या कडव्याला मांडवातला शेवटचा माणूसही झील धरू लागतो. तिथे गाणं शाहिराचं राहत नाही, सभेचं होतं. पोलीस पाटील वहीत नाव शाहिराचं लिहायचा, पण त्याला धाक असायचा तो झिलेचा. महोत्सवाने नेमका तोच आवाज कापला. कुणी ठरवून कापला असं मी म्हणत नाही. पण ज्यांना एक सुंदर आवाज आणि एक रंगीत फेटा एवढंच हवं असतं, त्यांना झील गोंगाटच वाटणार.

'माझी मैना गावावर राहिली' घ्या. अण्णाभाऊंची ही छक्कड आज कुठल्या महोत्सवात नाही? पण शेवटपर्यंत म्हणतं कोण? सुरुवातीचा विरह म्हणतात, बायकोच्या आठवणीवर टाळ्या घेतात आणि थांबतात. पुढे मुंबईतली श्रीमंती आणि दैन्य समोरासमोर येतं, बेळगाव-कारवारचा तुटलेला मुलूख येतो, संयुक्त महाराष्ट्राचा लढा येतो. तो सगळा भाग सात मिनिटांत बसत नाही म्हणे. ज्या लढ्यात 106 माणसं गेली, त्या लढ्याचं गाणं 1 मेच्याच सोहळ्यात कापून गायचं, हा अण्णाभाऊंचा अपमान आहे. मी तो ऐकून घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

कुणी म्हणेल, बाई महोत्सवांच्याच विरोधात आहेत. नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावर न्यूपोर्ट नावाचं गाव आहे. तिथला उन्हाळी लोकसंगीत महोत्सव 1959 पासूनचा. 1965 साली बॉब डिलनने तिथे विजेची गिटार वाजवली आणि खळबळ उडाली, ही कथा आपल्या पुरवण्यांतूनही छापून येते. मला त्यापेक्षा 1963 चं न्यूपोर्ट मोलाचं वाटतं. त्या वर्षी महोत्सव विश्वस्त संस्थेच्या हाती गेला आणि नियम झाला की प्रत्येक गायकाला 50 डॉलर, शिवाय प्रवास आणि मुक्काम. नाव गाजलेलं असो नसो, सगळ्यांना तेवढेच. डिलनला 50, जोन बाएझला 50, आणि दक्षिणेतल्या खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या वादकालाही 50. हा नियम करणाऱ्यांत लोकगायक पीट सीगर होते. 1955 साली संसदेच्या चौकशी समितीपुढे त्यांनी आपल्या मतांबद्दल उत्तर द्यायला नकार दिला होता, आणि त्यापायी पुढे अनेक वर्षं दूरचित्रवाणीचं दार त्यांना बंद होतं. न्यूपोर्टच्या त्याच मंचावर जॉर्जियातल्या ऑल्बनीच्या नागरी हक्क चळवळीतून आलेले फ्रीडम सिंगर्स उभे राहिले, ज्यांची गाणी तुरुंगाच्या कोठड्यांत घोटली गेली होती. शेवटी सगळे मिळून 'वी शॅल ओव्हरकम' गायले. महिन्याभरात तेच गाणं वॉशिंग्टनच्या मोर्चात घुमलं.

ते गाणं तुम्हाला परकं नाही. 1945 च्या सुमारास चार्ल्स्टनच्या तंबाखू कारखान्यात संप झाला, त्यात बहुतेक काळ्या बायका होत्या. त्यांनी जुन्या चर्चमधलं गाणं संपाच्या रांगेत आणलं, तिथून ते चळवळीत गेलं. गिरिजाकुमार माथुरांनी त्याचं 'हम होंगे कामयाब' केलं. आपल्या शाळांत आज पोरं ते हात मागे बांधून, रांगेत उभी राहून म्हणतात. ते संपकरी बायकांचं गाणं आहे, हे कुणी सांगतं का त्यांना? मी शिक्षकांना इथूनच विनंती करते: एक दिवस पोरांना सांगा. नाशिक-निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या बाईची नात त्या रांगेत उभी असेल, तिला ते वेगळंच ऐकू येईल.

आता घरच्यांशी. आपल्याच जयंतीच्या मिरवणुकीत स्पीकरची भिंत उभी राहते आणि जलशाला वर्गणी उरत नाही, तेव्हा दोष प्रायोजकाला देता येत नाही. वामनदादा कर्डक मोठेपणी दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकले आणि आयुष्यभर गाणी लिहीत गावोगाव फिरले. त्यांच्या गाण्यांवर पोरं नाचतात, पण शब्द धडाडत्या ठोक्याखाली गाडले जातात. मंडळांच्या तरुणांनो, तुमच्या उत्साहाशी माझं वैर नाही. पण भिंतीचं एका रात्रीचं भाडं आणि पूर्ण जलशाची बिदागी एकदा कागदावर शेजारी मांडून बघा.

आणि शाहीर मित्रांनो, जुन्या गाण्यांवर किती वर्षं काढणार? ऊसतोड कामगार चैत्रात गावी परतलेत. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, खाडा पडला की मुकादम उचलीतून दंड कापतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 साली विधिमंडळात गाजलं. त्यावर बातम्या झाल्या, अहवाल झाला. वग किती झाले? आणि जे शाहीर अशा घटनांवर गायले, त्यांचं आपण काय केलं? 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी 10 माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी आपलं आयुष्य संपवलं. असा शाहीर आपण जिवंतपणी किती सांभाळला, हा प्रश्न चळवळीने स्वतःला विचारलाच पाहिजे. शाहिराच्या घरचं दुखणं, पोरांची फी, खोलीचं भाडं हे चळवळीच्या हिशेबात नसेल, तर तो प्रायोजकाच्या दारात जाणार, आणि त्याला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला राहणार नाही. 2020 साली कबीर कला मंच या कलापथकाच्या तिघांना अटक झाली. आरोपांचं काय ते न्यायालय ठरवेल, पण शाहीर तुरुंगात असताना त्याच्या घरी डाळ-तांदूळ पोचवायला न्यायालयाच्या निकालाची वाट बघावी लागत नाही.

म्हणून या संमेलनापुढे मी एकच ठराव ठेवते. येत्या पाडव्यापासून आपल्यातलं कुठलंही कलापथक असा महोत्सव स्वीकारणार नाही, जिथे संहिता आधी तपासायला मागतात, अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ देतात, किंवा झीलकऱ्यांना माइक देत नाहीत. बिदागी शाहिरापासून टाळकऱ्यापर्यंत सारखी वाटली जाईल, आणि प्रत्येक सुपारीतला दहावा हिस्सा आजारी व अडचणीतल्या कलावंतांसाठीच्या फंडात जाईल. एकट्याने नकार दिला तर सुपारी शेजारच्या पथकाला जाते, हे मला माहीत आहे. नकार सगळ्यांचा हवा, म्हणूनच तो इथे मागते आहे.

कार्यक्रमपत्रिकेत यानंतर सत्काराचा तास आहे. स्वागत समितीच्या संमतीने तो मी रद्द केला आहे. त्या वेळात ऊसतोड बायकांनी स्वतः बसवलेला वग होईल, पूर्ण होईल, आणि झिलेसाठी चार माइक लावले आहेत. मांडवामागे शेकोटीही पेटवून ठेवली आहे, हलगीवाल्यांनी आत्ताच तिकडे जावं. बाकीच्यांनी बसून राहा. ठराव ज्यांना मान्य आहे, त्यांनी हात वर करा.